४९ डबल आणि १८० फुटांवरचं कुंपण : एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलची यादी स्वतः कशी करावी

नेड विल्यमसन, शिकागो, १८८३ : डबल ४९, होमरन २.
नेड विल्यमसन, शिकागो, १८८४ : डबल १८, होमरन २७.

या दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघा. माणूस तोच, संघ तोच, मैदानही तेच. मग एका हिवाळ्यात असं काय झालं, की डबल मारणारा गडी होमरनचा बादशहा झाला? याचं उत्तर ज्याला सापडलं, त्याला एकोणिसाव्या शतकातल्या डबलची यादी वाचता येते. बाकीच्यांना नुसते आकडे दिसतात.

मी पहिल्यांदा अशी यादी केली तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. एका साइटवरून रकाना उचलला, एक्सेलमध्ये उतरता क्रम लावला आणि मित्रांना मोठ्या रुबाबात सांगितलं, ‘हे बघा, त्या काळचे पहिले दहा.’ त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, ‘सामने किती खेळायचे रे तेव्हा?’ तो रकाना मी घेतलाच नव्हता. तेव्हापासून जी पद्धत बसत गेली, ती इथे टप्प्याटप्प्याने मांडतो. क्रिकेटची आकडेवारी चघळणाऱ्याला यात नवीन फार थोडं आहे, पण खोड्या पुष्कळ आहेत.

पायरी पहिली : डबल म्हणजे काय ते पक्कं करा

डबल म्हणजे दोन धावा नव्हेत. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे सांगायला नको, पण क्रिकेटवाल्यांची इथे हमखास गल्लत होते. बॅटरने चेंडू मारला, समोरच्यांच्या चुकीचा आधार न घेता तो स्वतःच्या फटक्यावर दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला, की त्याच्या नावावर एक डबल. धाव एकही झालेली नसू शकते. तिसऱ्या बेसपर्यंत गेला तर ट्रिपल, चारही बेस फिरून घरी आला तर होमरन. स्वतःच्या फटक्यावर बेस मिळाला, मग तो कितवाही असो, की ती एक हिट.

‘चुकीचा आधार न घेता’ हे शब्द अधोरेखित करा. १८७०च्या दशकात बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हाताने खेळायचे. मैदानं खडबडीत, आणि चुका आजच्या कितीतरी पट जास्त. बॅटर पहिल्या बेसवर आपल्या बळावर गेला आणि पुढचा बेस त्याला गचाळ फेकीमुळे मिळाला, की सरळ डबल, हे ठरवणार कडेला पेन्सिल घेऊन बसलेला स्कोअरर. तेव्हा त्या काळातला प्रत्येक डबल हा थोडासा त्या स्कोअररचाही आहे. आपण ते आता दुरुस्त करू शकत नाही. मनात ठेवायचं आणि पुढे जायचं.

पायरी दुसरी : कोणत्या लीग धरणार ते आधी लिहून काढा

हे काम आकडे गोळा करण्याच्या आधी करा. नंतर केलंत तर आवडता खेळाडू वर यावा म्हणून मन आपोआप नियम वाकवतं.

नॅशनल असोसिएशन १८७१ ते १८७५ चालली. नॅशनल लीग १८७६ला सुरू झाली आणि आजही आहे. अमेरिकन असोसिएशन १८८२ ते १८९१. युनियन असोसिएशनचा जीव एका वर्षाचा, १८८४. प्लेयर्स लीगही एकाच वर्षाची, १८९०. खेळाडूंनी मालकांशी भांडून स्वतःची लीग काढली होती, ती ही.

वाद आहे तो पहिलीवर. १९६८-६९ साली बेसबॉलच्या विक्रमांसाठी नेमलेल्या खास समितीने नॅशनल असोसिएशनला मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या लीगचा, दर्जा नाकारला. बेसबॉल रेफरन्स ही साइट मात्र तिचे आकडे कारकिर्दीत धरते. याचा परिणाम बघायचा तर कॅप अ‍ॅन्सन घ्या. १८७१ ते १८९७ अशी सत्तावीस वर्षं हा गडी खेळला. असोसिएशन धरली तर त्याच्या हिट ३,४३५ आणि डबल ५८२. असोसिएशन वगळून मेजर लीगची अधिकृत साइट त्याच्या हिट ३,०११ दाखवते. चारशेहून अधिक हिट नुसत्या व्याख्येने गायब!

माझं मत विचाराल तर असोसिएशन धरावी. पहिली पाच वर्षं तोडली तर १८७१ला रॉकफर्डकडून खेळताना ११ डबल मारून यादीत पहिला आलेला कोवळा अ‍ॅन्सन जातो, १८७४चा लिप पाइक जातो, आणि १८७५ला बॉस्टनकडून ३६ डबल मारणारा कॅल मॅक्वेही जातो. व्यावसायिक बेसबॉल म्हणायचं आणि पहिली व्यावसायिक लीगच वगळायची, हे मला पटत नाही. युनियन असोसिएशनबद्दल मात्र मी कचरतो. तिथे सेंट लुईसचा संघ इतका वरचढ होता की बाकीचे जेमतेम टिकायचे. त्याच संघाच्या ओरेटर शेफरचे ४० डबल मी यादीत ठेवतो, पण शेऱ्यासकट.

पायरी तिसरी : कोण खेळूच शकलं नाही, तेही लिहा

ही पायरी मी पूर्वी गाळायचो. आता ती दुसरीला जोडूनच करतो.

ज्या १८८३ सालच्या डबलबद्दल आपण बोलतोय, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅन्सनचा शिकागो संघ टोलीडोला सामना खेळायला गेला. टोलीडोकडे मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर होता. तो मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, अशी अ‍ॅन्सनची भूमिका. टोलीडो नमलं नाही, वॉकर खेळला, सामना झाला. पुढच्या वर्षी टोलीडो अमेरिकन असोसिएशनमध्ये आलं तेव्हा वॉकर मेजर लीगमध्ये ४२ सामने खेळलाही. पण वारं उलटं फिरलं होतं. १८८७च्या जुलैत इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असा ठराव केला. त्या वेळी त्याच लीगमध्ये बफेलोकडून फ्रँक ग्रँट खेळत होता. पुढे २००६ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आपल्या यादीत त्याची ओळ कधीच येणार नाही, कारण त्याला मेजर लीगच्या दारातच उभं केलं नाही.

म्हणून यादीच्या डोक्यावर एक वाक्य हवंच : ही यादी ज्यांना खेळू दिलं त्यांची आहे.

पायरी चौथी : रकाने आखा

वर्ष, लीग, खेळाडू, संघ, सामने, अ‍ॅट-बॅट (बॅटरची हिशेबात धरलेली पाळी), हिट, डबल, ट्रिपल, होमरन. आणि शेवटी एक रुंद रकाना : शेरा. हा शेरा सगळ्यात जास्त भरणार आहे, त्याला जागा ठेवा.

ट्रिपल आणि होमरन कशाला, असं वाटेल. विल्यमसनच्या दोन ओळींचं कोडं त्याच दोन रकान्यांमुळे उलगडतं, म्हणून.

आकडे भरायला बेसबॉल रेफरन्सची वर्षवार पानं सोयीची. मेजर लीगच्या अधिकृत साइटशी ताडून बघा. फरक दिसला तर घाबरू नका. जुने आकडे १९६९च्या बेसबॉल एन्सायक्लोपीडियासाठी नव्याने मोजले गेले, आणि त्यानंतरही संशोधक जुनी वर्तमानपत्रं चाळून दुरुस्त्या करत आले आहेत. चेंडू टाकणाऱ्या, म्हणजे पिचर असलेल्या, चार्ल्स रॅडबर्नने १८८४ला किती सामने जिंकून दिले, ५९ की ६०, यावर अजून दोन पुस्तकांत दोन आकडे मिळतात. डबलचंही तसंच, एकदोन इकडेतिकडे होणारच. नियम एकच ठेवा : एका यादीसाठी एकच स्रोत. अर्धे आकडे इथले आणि अर्धे तिथले, असं कडबोळं करू नका.

सुरुवातीला नॅशनल लीगचे वर्षवार पहिले भरून टाका. १८७६ला रॉस बार्न्स, डिक हायम आणि पॉल हाइन्स या तिघांचे सारखेच २१. १८७९ला चार्ली ईडन ३१. १८८०ला फ्रेड डनलॅप २७. १८८२ला किंग केली ३७, तोच केली १८८९ला बॉस्टनकडून ४१. १८८६ला डॅन ब्राउदर्स ४०. १८९०ला सॅम थॉम्पसन ४१. १८९४ला ह्यू डफी ५१. १८९५ला एड डेलाहँटी ४९, १८९६ला पुन्हा तोच ४४, आणि १८९९ला परत तोच, या वेळी ५५. अमेरिकन असोसिएशनची एकच ओळ सध्या पुरे : १८८७, सेंट लुईस ब्राउन्सचा टिप ओनील, ५२.

५५ हा शतकातला सर्वात मोठा आकडा. तो मागे पडायला १९२३ उजाडावं लागलं, तेव्हा ट्रिस स्पीकरने ५९ मारले.

इथे थांबलात तर माझ्या पहिल्या यादीएवढीच तुमचीही यादी होईल.

पायरी पाचवी : भागाकार करा

१८७६ला संघ साठ-सत्तर सामने खेळायचे. १८८३ला नॅशनल लीगचा हंगाम ९८ सामन्यांचा. १८९२ला १५४, मग काही वर्षं १३२, आणि १८९८पासून पुन्हा १५४. अशा वेळी नुसते डबल मोजणं म्हणजे रणजीच्या एका मोसमातल्या धावांची तुलना पाच कसोटींच्या मालिकेशी करणं.

सामन्यांनी भागण्यापेक्षा अ‍ॅट-बॅटने भागा. दर शंभर अ‍ॅट-बॅटमागे किती डबल? सूत्र साधं, डबल गुणिले शंभर भागिले अ‍ॅट-बॅट. काही ओळी करून दाखवतो.

बार्न्स १८७६ : २१ डबल, ३२२ अ‍ॅट-बॅट. ६.५.
मॅक्वे १८७५ : ३६ डबल, ३८९ अ‍ॅट-बॅट. ९.३.
ब्राउदर्स १८८३ : ४१ डबल, ४२५ अ‍ॅट-बॅट. ९.६.
ओनील १८८७ : ५२ डबल, ५१७ अ‍ॅट-बॅट. १०.१.
डफी १८९४ : ५१ डबल, ५३९ अ‍ॅट-बॅट. ९.५.
डेलाहँटी १८९९ : ५५ डबल, ५८१ अ‍ॅट-बॅट. ९.५.
विल्यमसन १८८३ : ४९ डबल, ४०२ अ‍ॅट-बॅट. १२.२.

सगळ्यांत वर विल्यमसन, तोही बराच अंतर राखून. गंमत म्हणून एका हंगामातल्या डबलचा आजवरचा विक्रम घ्या : अर्ल वेब, बॉस्टन, १९३१, डबल ६७, अ‍ॅट-बॅट ५८९. त्याचा दर ११.४. म्हणजे भागाकाराच्या हिशेबाने विल्यमसन वेबच्याही पुढे.

भागाकार करून बरेच जण इथे खूश होतात आणि ‘विस्मृतीत गेलेला महान फलंदाज’ अशी पोस्ट टाकून मोकळे होतात. मीही टाकणार होतो.

पायरी सहावी : कुंपण मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

शिकागोचं लेकफ्रंट पार्क मिशिगन सरोवराच्या काठी, शहराच्या मध्यवर्ती भागात होतं. जागा चिंचोळी. डावीकडचं कुंपण होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, १८० फुटांवर, उजवीकडचं १९६ फुटांवर, मधोमधही फक्त ३०० फूट. क्रिकेटच्या मापात बोलूया. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून कमीत कमी ६५ यार्डांवर हवी. ६५ यार्ड म्हणजे १९५ फूट. म्हणजे शिकागोचं उजवं कुंपण क्रिकेटच्या किमान सीमारेषेइतकं, आणि डावं तर त्याहूनही पंधरा फूट अलीकडे. लाकडी बॅटने पूर्ण ताकदीनं मारलेल्या चेंडूला १८० फूट म्हणजे गल्ली क्रिकेटमधला शेजारच्या काकूंचा व्हरांडा.

आता गल्ली क्रिकेटमध्ये आपण काय करतो? काकूंच्या घरात गेला तर आउट, किंवा फार तर दोन रन. शिकागोतही तसाच स्थानिक नियम होता. १८८३पर्यंत या मैदानात चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन नाही, डबल. विल्यमसन उजव्या हाताने खेळायचा, त्यामुळे त्याचा ओढून मारलेला फटका नेमका १८० फुटांच्या बाजूला जायचा. चेंडू पलीकडे, बॅटर आरामात दुसऱ्या बेसवर, वहीत एक डबल.

१८८४च्या हंगामासाठी हा नियम बदलला : कुंपणापलीकडे म्हणजे होमरन. कुंपण जागच्या जागी. विल्यमसनचे डबल ४९वरून १८वर, होमरन २वरून २७वर. बेरीज करून बघा, आधीच्या वर्षी ५१ आणि नंतरच्या वर्षी ४५. माणूस बदललाच नव्हता. त्या २७ होमरनपैकी २५ घरच्या मैदानावरचे. एका हंगामातल्या होमरनचा तो विक्रम १९१९ला बेब रूथने २९ मारेपर्यंत टिकला.

एकट्या विल्यमसनचंच असं झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण अख्खा संघ बघा. १८८३ला शिकागोचे डबल २७७ आणि होमरन १३. १८८४ला होमरन १४२. फ्रेड फेफरचे २५, अ‍ॅब्नर डॅलरिंपलचे २२, आणि स्वतः अ‍ॅन्सनचे २१. संघाच्या संघ एका हिवाळ्यात पहिलवान होत नाही. १८८५ला शिकागो दुसऱ्या मैदानावर गेलं आणि विल्यमसनचे होमरन त्या वर्षी ३.

मग विल्यमसन खोटा का? तसंही नाही. १८८३च्या ६ सप्टेंबरला शिकागोने डेट्रॉइटविरुद्ध एकाच इनिंगमध्ये, सातव्या, १८ धावा काढल्या. त्या एका इनिंगमध्ये टॉम बर्न्स, फेफर आणि विल्यमसन या तिघांच्या प्रत्येकी तीन हिट. बर्न्सचे दोन डबल आणि एक होमरन. सामना २६-६. कुंपण तर पाहुण्या डेट्रॉइटलाही तेवढंच जवळ होतं, त्यांच्या संपूर्ण सामन्यात सहाच धावा. संघ खरोखर दांडगा होता, कुंपणाने फक्त त्यांचं दांडगेपण वहीच्या चुकीच्या रकान्यात टाकलं.

तर विल्यमसनच्या ओळीपुढचा माझा शेरा असा : ‘घरचं कुंपण १८० फूट. पलीकडे गेलेला चेंडू डबल. १८८४ची ओळ सोबत वाचावी.’

याच विल्यमसनचं पुढे वाईट झालं. १८८८-८९च्या हिवाळ्यात शिकागोचा संघ जगप्रवासाला निघाला. ऑस्ट्रेलिया, मग कोलंबो, तिथे सामना, पुढे सुएझमार्गे इजिप्त आणि युरोप. आपल्याकडे ते आले नाहीत, श्रीलंकेपर्यंत येऊन पुढे गेले. पॅरिसच्या खडीच्या मैदानावर विल्यमसनचा गुडघा फाटला आणि खेळ तिथून उतरणीला लागला. १८९४ साली छत्तिसाव्या वर्षी तो वारला.

पायरी सातवी : त्या वर्षीचे नियम शेऱ्यात उतरवा

कुंपण सुटलं की नियम. प्रत्येक ओळीसाठी सगळे नियम वाचायची गरज नाही, मोठे चारपाचच आहेत.

१८७६चा बार्न्स घ्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडूचा पहिला टप्पा रेषेच्या आत पडला की तो फेअर, म्हणजे वैध, मग तो पहिल्या-तिसऱ्या बेसच्या कितीही आधी फिरकी घेऊन बाहेर का जाईना. बार्न्स यात वस्ताद. बॅट अशी काही फिरवायचा की चेंडू समोर टप्पा घेई आणि वळून थेट रेषेबाहेर पळे. क्षेत्ररक्षक त्याच्यामागे, बार्न्स दुसऱ्या बेसकडे. त्या वर्षी त्याची सरासरी (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) .४२९ होती. १८७७ला नियम बदलला, असा चेंडू फाउल ठरला, आणि बार्न्सची सरासरी .२७२वर आली. सगळं खापर नियमावर फोडू नका मात्र, त्या वर्षी तो आजारपणामुळे मोजकेच सामने खेळला होता. शेऱ्यात दोन्ही लिहा.

१८८७चं साल विचित्रच. त्या एका वर्षापुरते बॅटरला बाद होण्याआधी तीनऐवजी चार स्ट्राइक दिले गेले. शिवाय वॉक म्हणजे पिचरने ठरावीक संख्येने खराब चेंडू टाकल्यामुळे फुकट मिळालेला बेस, तोही हिट म्हणून मोजला. त्यामुळे टिप ओनीलची सरासरी त्या काळच्या पुस्तकांत .४९२ आणि आजच्या हिशेबात .४३५ दिसते. डबल मात्र दोन्हीकडे ५२. तुमच्या भागाकारात अ‍ॅट-बॅट कुठले आलेत ते तपासा. वॉक मिसळलेले असतील तर दर आपोआप घसरेल. हा गडी त्या वर्षी आपल्या लीगमध्ये डबल, ट्रिपल, होमरन तिन्हींत पहिला होता. चौथ्या स्ट्राइकचा फायदा समोरच्या सगळ्या बॅटरांनाही होता, म्हणून मी त्याला फारसं कापत नाही.

मग १८९३. तोवर पिचरच्या चौकोनाची पुढची रेषा होम प्लेटपासून ५० फुटांवर होती. त्या वर्षी पिचरला मागे, ६० फूट ६ इंचांवर ढकललं. बॅटरला चेंडू वाचायला क्षणभर जास्त मिळाला आणि पिचरांचे हाल सुरू झाले. १८९४ला तर अख्ख्या नॅशनल लीगची मिळून सरासरी .३०९ झाली. डफीचे ५१ डबल आणि .४४० सरासरी याच वर्षातली. त्यात भर म्हणजे मे महिन्यात बॉस्टनचं मैदान जळालं आणि संघ काही काळ काँग्रेस स्ट्रीटवरच्या, डावीकडे फक्त २५० फुटांवर कुंपण असलेल्या मैदानात खेळला. तिथेच बॉबी लोने एका सामन्यात चार होमरन मारले, असं करणारा तो पहिला. डफीच्या ओळीपुढे दोन शेरे येतात, एक अंतराचा आणि एक आगीचा.

कुंपणाबाबत आणखी दोन बारीक गोष्टी. पहिली : टप्पा घेऊन कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आज डबल ठरतो. तेव्हा तो होमरन ठरायचा, आणि हे १९३०च्या सुमारापर्यंत चाललं. दुसरी याच्या उलट. सामना बरोबरीत आहे, शेवटची इनिंग, आपला एक गडी दुसऱ्या बेसवर, आणि बॅटरने चेंडू कुंपणापार मारला. आज तो होमरन. १९२०च्या आधी विजयी धाव पूर्ण व्हायला जेवढे बेस लागले तेवढेच बॅटरला मिळायचे. दुसऱ्या बेसवरचा गडी दोन बेस धावून घरी आला, सामना संपला, बॅटरच्या नावावर डबल. असे डबल फार नाहीत, पण एखाद्या ओळीत अडकलेत का, हे सामन्याचा वृत्तान्त वाचल्याशिवाय कळत नाही.

पायरी आठवी : जुनं वर्तमानपत्र उघडा

सगळ्या ओळींसाठी नाही, निदान पहिल्या पाचांसाठी तरी. फिलाडेल्फियाचं ‘स्पोर्टिंग लाइफ’ हे साप्ताहिक १८८३ला सुरू झालं आणि त्याचे जुने अंक स्कॅन करून नेटवर ठेवलेले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वर्तमानपत्रांचा संग्रहही फुकट उघडतो.

अंक उघडल्यावर पहिली अडचण अशी, की सामन्याच्या तक्त्यात डबलचा रकानाच नसतो. धावा, हिट, झेल-बाद, फेकी, चुका एवढेच उभे रकाने. डबल शोधायला तक्त्याच्या खाली जायचं. तिथे बारीक टायपात सलग मजकूर असतो, त्यात ‘टू-बेस हिट्स’ असं लिहून पुढे आडनावं. एका नावापुढे २ असेल तर दोन डबल. छपाई पुसट असली की तिथला २ आणि ३ सारखाच दिसतो. शक्य असेल तर त्याच सामन्याचा दुसऱ्या शहरातल्या पेपरातला तक्ता काढा, पाहुण्या संघाच्या गावचा पेपर उत्तम. दोन्ही जुळले तर पुढे, नाही जुळले तर दोन्ही आकडे शेऱ्यात.

सर्चमध्ये आडनावं नेहमी जशीच्या तशी सापडत नाहीत. जुन्या अक्षरांचं मशीनने केलेलं वाचन भयंकर असतं. तारीख माहीत असेल तर सर्च सोडा आणि सरळ त्या तारखेच्या अंकाची पानं उलटा. वेळ कमी लागतो, आणि शेजारी छापलेल्या पेटंट औषधांच्या जाहिराती वाचायला मिळतात तो वेगळाच नफा.

पायरी नववी : आता क्रम लावा

आता तुमच्याकडे दोन क्रम आहेत. एक नुसत्या डबलचा, त्यात डेलाहँटी पहिला. दुसरा दराचा, त्यात विल्यमसन पहिला. शेरे वाचत तिसरा क्रम हाताने लावा. यात सूत्र नाही, निवड आहे, आणि ती तुमची असावी.

माझी सांगतो. विल्यमसनचं १८८३ मी यादीतून काढत नाही, पण वर ठेवत नाही. डफीच्या १८९४ला त्या वर्षीच्या हिटच्या महापुराचा हात आहे. त्यापेक्षा मला आवडतं ते ब्राउदर्सचं १८८३. त्याच वर्षी, त्याच लीगमध्ये, विल्यमसनच्या मागे दुसरा, पण घर बफेलोचं. शिकागोचं ठेंगणं कुंपण त्याच्या वाट्याला आलं ते फक्त पाहुणा म्हणून गेला तेव्हा. ४१ डबल, सोबत १७ ट्रिपल. ट्रिपल कुंपणापलीकडे मारून मिळत नाहीत, धावूनच मिळवावे लागतात. डबलच्या शेजारी ट्रिपलचा आकडा जाडजूड असला की माझा त्या डबलवर जास्त विश्वास बसतो.

आणि सर्वांत वर डेलाहँटी, १८९९. पिचर मागे ढकलल्याला तोवर सहा वर्षं झाली होती, नव्या अंतराचा पहिला धक्का ओसरला होता. तरी सरासरी .४१०, हिट २३८, डबल ५५. दरात तो ओनीलच्या खाली जातो, मान्य. पण ओनीलला आपल्या वर्षी चौथा स्ट्राइक होता, डेलाहँटीला नव्हता. डेलाहँटीने १८९६ला एका सामन्यात चार होमरन मारले होते आणि १८९९ला एका सामन्यात चार डबल. फिलाडेल्फियाच्या मैदानात उजवीकडची भिंत जवळ होती आणि तो उजव्या हाताने खेळायचा, म्हणजे ओढून मारलेला फटका त्या भिंतीकडे जात नसे. हा माझ्या ओळीचा शेरा. तुम्हाला तो पुरेसा वाटला नाही तर त्याच्या घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांचे तक्ते काढून डबल वेगवेगळे मोजा. काम दोनेक रविवारांचं आहे.